चपलांची गणपूर्ती

नगरपालिकेची सभा म्हणजे लोकशाहीचं मंदिर, असं मी नोकरीला लागलो त्या दिवशी एका वरिष्ठांनी मला सांगितलं होतं. मंदिराचं मला ठाऊक नाही, पण चपला मात्र बाहेर काढाव्या लागत. परभणी जिल्ह्यातली आमची पालिका लहान, इमारत निजामाच्या काळातली, आणि सभागृहात खुर्च्या नव्हत्या. लांबलचक सतरंजी, तिच्यावर पांढऱ्या गाद्या, लोड आणि तक्के. सभासद येत, दगडी पायरीवर चपला काढत, हजेरीपत्रकावर सही करत आणि लोडाला टेकत. गावाचं नाव मी लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, आणि ज्यांच्या त्या चपला होत्या त्यांनी तर आत्ताच ओळखलं असेल.

मी तिथला सभा लिपिक. सभा लिपिक म्हणजे काय, हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. 'जावई सभा घेतात,' असं ते लोकांना सांगत. मी सभा घेत नसे, सभेत काय झालं ते लिहून ठेवत असे. बाहेरच्या माणसाला चार ओळींत सांगतो. सभेच्या सात दिवस आधी प्रत्येक सभासदाला नोटीस पोचली पाहिजे, सोबत विषयपत्रिका पाहिजे. प्रत्येक ठरावाला एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक लागतो. अनुमोदक मिळाला नाही तर ठराव तिथंच संपला. आणि सगळ्यांत महत्त्वाची ती गणपूर्ती, जिला गावात सगळे कोरम म्हणत. आमचे सभासद एकोणीस. त्यातले सात हजर असल्याशिवाय सभेला काहीही ठरवता येत नसे. कागदावर हे सोपं दिसतं. एकोणीस मोठ्या माणसांपैकी सात जणांना एका खोलीत तासभर बसवून ठेवून बघा, म्हणजे कळेल.

नोटीस बजावण्याचं काम रसूलभाईंचं. रसूलभाई आमचे शिपाई, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, कानात अत्तराचा फाया, आणि नियमांचा अभिमान माझ्याहून जास्त. एखाद्या गटाला सभा बेकायदा ठरवायची असली की त्यांचा एक सभासद नोटीस घेईना, गायब होई. असाच एक जण कडब्याच्या गंजीत जाऊन बसला. रसूलभाईंनी तासभर वाट बघितली, मग कणकेची खळ करून नोटीस त्याच्या गोठ्याच्या दाराला चिकटवली आणि दोन पंचांच्या सह्या घेतल्या. रसूलभाई वळले आणि म्हशीनं खळ चाटता चाटता नोटीस खाल्ली. सभेच्या दिवशी हा सभासद सगळ्यांच्या आधी उभा राहिला.

"मला नोटीसच मिळाली न्हाई. सभा बेकायदा हाय!"

अध्यक्ष होते तात्या. सत्तरीच्या घरातले शेतकरी, कीर्तनवेडे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की पाचावर धारण बसे. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग सभा हाय हे तुमाला कळलं कसं?"

"म्हशीनं नोटीस खाल्ली म्हनून!"

तात्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "भाऊसाहेब, नेम काय म्हंतो?"

मी वाचून दाखवलं, की सभासद घरी नसला तर घरातल्या मोठ्या माणसाजवळ नोटीस दिली तरी ती पोचली असं धरतात. तात्यांनी मिनिटभर विचार केला आणि निर्णय दिला. म्हैस घरातली आहे, दुभती आहे म्हणजे वयानं मोठी आहे, सबब नोटीस पोचली. मी तसं प्रोसिडिंग बुकात लिहिलं. हसू नका. अध्यक्षांनी सभेत दिलेला निर्णय बुकात चढला की तो त्या सभागृहाचा नियम होतो, आणि पुढच्या वेळी तो कुणालाही वाचून दाखवता येतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

ती वर्षं मोठी तापलेली होती. नामांतरावरून मराठवाडाभर मोर्चे, बंद, कधी एसट्या बंद. आमच्या सभागृहात दोन्ही बाजूंची माणसं मांडीला मांडी लावून बसत आणि त्या विषयावर एक अक्षर बोलत नसत. तिथं काढायचा तो सगळा राग ते गटारीवर काढत. एका नालीवरून दोन तास कडाडून भांडण झालेलं मी लिहून घेतलंय, आणि लिहिताना मला कळत होतं की भांडण नालीचं नाही. पण विषयपत्रिकेत नाली होती, म्हणून मी नालीच लिहिली.

आता किसनराव. हे सभासद जेवून येत, लोडाला टेकत आणि पहिल्या विषयालाच झोपत. पण त्यांच्या झोपेला एक शिस्त होती. 'ठराव मांडते' किंवा 'ठराव मांडतो' हे शब्द कानावर पडले की ते डोळे न उघडता हात वर करून म्हणत, "अनुमोदन!" आणि पुन्हा घोरत. एकदा त्यांच्याच घरापुढचा ओटा अतिक्रमण म्हणून पाडावा असा ठराव आला. त्यालाही त्यांनीच अनुमोदन दिलं. ओटा पाडायला माणसं गेली तेव्हा ते त्यांच्या अंगावर धावून गेले, मग रसूलभाईंनी त्यांना ठरावाखालची त्यांची सही दाखवली. किसनरावांनी सही नीट न्याहाळली आणि म्हणाले, "सही माझीच हाय. पाडा मग."

गणपूर्ती मोजायची आमची पद्धत माझ्या आधीपासून चालत आलेली. सभासद बसल्या जागी बसत नसत. कुणी व्हरांड्यात बिडी ओढायला, कुणी मागच्या दाराशी तंबाखू मळायला. आत डोकी मोजली तर कधीच खरा आकडा लागत नसे. तात्यांना तर समोर पांढऱ्या गाद्या आणि पांढरे सदरे एकच दिसत. म्हणून प्रत्येक विषयाच्या आधी ते विचारत, "कोरम हाय का?" आणि दारातले रसूलभाई पायरीवरच्या चपला मोजून सांगत, "अठरा नग, साब. नऊ मेंबर." माणूस इमारतीत कुठंही असला तरी चपला पायरीवर असतात, आणि जाणारा माणूस चपला घालून जातो. पद्धत साधी आणि आमच्यापुरती अचूक होती. कुणाच्या चपला कशा, हे रसूलभाईंना तोंडपाठ होतं.

या पद्धतीला नियमाचं रूप दिलं ते आबांनी. आबा म्हणजे गावातले मोठे कापड दुकानदार आणि सभागृहातले सगळ्यांत वजनदार सभासद. दहा जण त्यांच्या डोळ्यांकडे बघून हात वर करत. त्यांच्या चपला मानवतच्या एका कारागिराकडून मुद्दाम करून घेतलेल्या, करकर वाजणाऱ्या. आबा यायच्या आधी त्यांची करकर यायची. एका वर्षी लग्नसराई आणि कापसाचा हंगाम यांत आबांच्या ओळीनं सभा चुकल्या. सहा महिने सभेला न आलेल्याचं सभासदत्व जातं. मी त्यांना तसं कळवलं. आबा धावत आले, सही केली, गादीवर बसले, आणि तेवढ्यात दुकानातून निरोप आला, की गंगाखेडकडची पाहुणेमंडळी बस्ता बांधायला आलीत. बस्ता म्हणजे अख्ख्या लग्नाची कापडखरेदी. आबांचं दुकान पालिकेच्या मागच्या भिंतीला लागून. ते मागच्या दारानं अनवाणीच सटकले.

विरुद्ध बाजूच्या एकानं ताबडतोब हरकतीचा मुद्दा काढला. "आबा सभेत न्हाईत. त्यांची गैरहजेरी लावा!"

कुणीतरी दुकानात कळवलं असावं. आबा हातात कापड मोजायची मीटरपट्टी तशीच घेऊन धापा टाकत आले.

"कोन म्हंतंय मी न्हाई? पायरीवर चपला बघा की! मानूस चपला सोडून जातोय का कुठं? अवो, रामाच्या खडावा गादीवर ठिवून भरतानं चौदा वर्षं अयोध्या चालविली. माझ्या चपलांवर तुमाला तासभर सभा चालविता येईना?"

तात्या कीर्तनवेडे, हे मी सांगितलंच. भरताचं नाव निघालं आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि निर्णय दिला: ज्या सभासदानं सही केली आहे आणि ज्याच्या चपला पायरीवर आहेत, तो सभासद सभेत हजर आहे असं समजावं. आबांनी स्वतः उभं राहून मला सांगितलं, "भाऊसाहेब, शब्दानं शब्द लिवा. पुन्हा कुनी तोंड उचकटायला नको." मी शब्दानं शब्द लिहिलं. भरतासकट.

याच सभागृहात सोजरबाई होत्या. बायकांच्या राखीव जागेवर निवडून आलेल्या, दोन एकर कोरडवाहूच्या मालकीण, विधवा, मंगळवारच्या बाजारात स्वतःची भाजी घेऊन बसणाऱ्या. त्यांना उभं केलं ते आबांच्याच गटानं, म्हणजे सांगू तिथं सही करतील म्हणून. दोन वर्षं त्यांनी केलीही. तिसऱ्या वर्षी त्या माझ्या टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, मला एक इषय टाकायचाय. बाजारात बायांसाठी मुतारी."

मी इकडंतिकडं बघितलं. सभागृहात हा शब्द पुरुष सभासद दिवसातून चार वेळा वापरत, पण बाईच्या तोंडून आणि बाईसाठी म्हटल्यावर सगळे कानकोंडे होत. मी विचारलं, "मावशी, जागा कुठली?"

"आबाच्या दुकानामागं पालिकेची मोकळी जागा हाय न्हवं?"

मोकळी होती ती नकाशात. तिथं आबांनी पत्र्याचं शेड ठोकून गठ्ठे ठेवले होते. मुतारी झाली असती तर शेड गेलं असतं. आता सगळं तुमच्या लक्षात आलंच असेल.

विषय पहिल्यांदा आला तेव्हा अनुमोदक मिळाला नाही, कारण आबांनी किसनरावांना नेमकं त्या वेळी कोपरानं ढोसून चहाला बाहेर नेलं. दुसऱ्यांदा आबांनी जागेची पाहणी करायला समिती मागितली, आणि समितीनं शेडमध्ये बसून चहा घेतला. तिसऱ्या आणि चौथ्या वेळी विषयाची पाळीच आली नाही. वेळ संपली. विषय क्रमांक सतरा होता, मग एकोणीस होता.

चौथ्या सभेनंतर सोजरबाई पुन्हा माझ्या टेबलापाशी आल्या. "भाऊसाहेब, माझा इषय सदा खालीच का?"

"क्रम ठरलेला असतो, मावशी."

"कोन ठरवितं?"

"कार्यालय."

"कार्यालय म्हंजे?"

मी कागद चाळायला लागलो. त्या तशाच उभ्या राहिल्या. "म्हंजे तुमीच की. बरं, खाली टाकायचं कुठल्या पुस्तकात लिवलंय, तेवढं दाखवा. मला वाचता येत न्हाई, पन बोट ठिवून दाखवा."

पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. आबांनी मला कधी काही दिलं नाही, कधी धमकावलंही नाही. जाता जाता एवढंच म्हणत, "तो बायांचा इषय जरा खाली घ्या." आणि मी घेत असे, कारण आबा मोठे होते. नियमांच्या नावानं आयुष्यभर मिशीला पीळ देणारा मी, आणि माझ्या हातात होता तेवढा एक नियम मी दुसऱ्याच्या सोयीनं वाकवला होता. मला लाज वाटली, आणि आजही वाटते.

सोजरबाई रागावल्या नाहीत. खाली बसल्या आणि म्हणाल्या, "तुमाला सांगते. बाजारच्या दिशी आमी बाया सकाळधरनं पानी पीत न्हाई. ऊन डोक्यावर आलं तरी न्हाई. दिस मावळल्यावर वड्याच्या अंगाला जायला मिळतं, तवर दम धरायचा. गेल्या उन्हाळ्यात माझ्या शेजारची चक्कर येऊन टमाट्याच्या पाटीवर पडली. लोकं म्हनले, ऊन लागलं. ऊन कशाचं, तिला तहान लागली व्हती."

पालिकेची मुदत संपत आली होती. एकच सभा उरली होती, मेमधली. ती झाली की प्रशासक येणार, आणि सभासद सगळे घरी. पुन्हा निवडणूक कधी होईल, ते देवाला ठाऊक. त्या शेवटच्या सभेच्या विषयपत्रिकेत मी मागच्या इतिवृत्ताच्या खालीच, क्रमांक दोनवर, बायकांची मुतारी टाकली. आयुष्यात केलेली माझी एवढीच बंडखोरी.

आबांनी नोटीस वाचली, माझ्याकडे बघितलं, आणि ती घडी करून खिशात घातली. तेव्हाच मी ओळखलं, की हे कोरम मोडणार. कोरम मोडला की सभा तहकूब, आणि तहकूब सभा पुन्हा भरायला मुदतच उरलेली नाही.

सभा मंगळवारी दुपारी होती, भर बाजारच्या दिवशी. अकरा सभासद आले, अकरा सह्या झाल्या. बाहेर पायरीवर सोजरबाईंनी बोलावलेल्या बाजारातल्या पंधरा-वीस बाया सभा ऐकायला आल्या होत्या. लोकांना सभा ऐकायचा हक्क आहे, पण आत जागा नव्हती. "तितंच पायरीवर टेका गं, सावली हाय," असं सोजरबाई म्हणाल्या. बाया टेकल्या. बोचकी, पाट्या, पदर पसरून, भाकरीची फडकी सोडून, पायरीभर. चपला सगळ्या त्यांच्या खाली गेल्या.

मागचं इतिवृत्त कायम झालं. आबांनी डोळ्यानं खूण केली आणि त्यांचे लोक बिडीचं निमित्त करून एकेक उठायला लागले. मला खिडकीतून पायरी दिसत होती. आपला निर्णय आबा विसरले नव्हते. चपला घालून गेलं तरच माणूस गेला असं होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते पुढच्या दारानं निघाले आणि पायरीवर थबकले.

"जरा सरका की," आबा म्हणाले.

त्यांच्या चपलांवर एक म्हातारी ठेचा-भाकरी घेऊन बसली होती. तिनं वर बघितलं. "का रं बाबा? संपली का सभा? आमच्या मुतारीचं काय ठरलं?"

तो विषय टाळायलाच चाललोय, चपला द्या, असं त्या बायांना सांगायचं कसं? "चालू हाय, चालू हाय," एवढं पुटपुटून ते पायऱ्या उतरले. मेमधलं परभणीचं ऊन, रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं. गावातले आठ प्रतिष्ठित नागरिक एकामागं एक, कुणी टाचेवर, कुणी चवड्यावर, उड्या मारत समोरच्या हॉटेलात गेले. त्यांतल्या एकानं तर वाटेत धोतराचा सोगा पायाखाली घेतला होता.

आत उरले तीन जण. तात्या, सोजरबाई आणि किसनराव. किसनरावांना उठवायचं सगळे विसरले होते, किंवा झोपलेला माणूस सभेला काय त्रास देणार, असं त्यांना वाटलं असेल.

तात्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कोरम हाय का?"

मी उभा राहिलो. समोर आठ गाद्या रिकाम्या होत्या. खरं सांगायचं तर मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं होतं. पण पद्धतीप्रमाणे ते उत्तर माझं नव्हतंच. मी म्हणालो, "रसूलभाई, मोजा."

रसूलभाईंनी बायांना अदबीनं उठवलं, वाकून एकेक जोड बघितला, दोनदा मोजला. बाजारातल्या त्या बाया अनवाणीच होत्या, त्यामुळं घोटाळ्याचं काही कारण नव्हतं. "बावीस नग, साब. अकरा मेंबर. आबासाबच्या बी हायत."

"बोला मग," तात्या म्हणाले.

सोजरबाई उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर नीट केला. "बाजारात बायांसाठी मुतारी बांधावी, असा मी ठराव मांडते."

"अनुमोदन!" किसनराव म्हणाले आणि कुशीवर वळले.

"कुनाचा इरोध?" तात्यांनी विचारलं. गाद्या गप्प. "काय बी म्हना, आज सगळे लय शहाण्यावानी बसलेत. आजवर एवढी शांत सभा मी बघितली न्हाई. सर्वानुमते मंजूर!"

बाहेर बायांनी टाळ्या वाजवल्या. त्या हॉटेलात ऐकू गेल्या असाव्यात, कारण आबा त्याच डांबरावरून पळत आले. "थांबा! कोरम नव्हता! आमी न्हाई इथं!"

"आबा, तुमी हाईतच की," तात्या म्हणाले. "चपला हाईत तुमच्या."

"चपला म्हंजे मी न्हाई!"

टाळ्या चालू होत्या तोवरच मी जुनं प्रोसिडिंग बुक काढून ठेवलं होतं. मी ते उघडलं आणि मोठ्यानं वाचलं: रामाच्या खडावा, भरत, अयोध्या, चौदा वर्षं, आणि 'सदरचा निर्णय सन्माननीय सदस्य आबासाहेब यांच्या विनंतीवरून'. आबा पोळलेल्या पायांवर आलटून पालटून उभे होते. रसूलभाईंनी त्यांच्या पायाखाली ओलं पोतं टाकलं. त्या म्हाताऱ्या माणसाचं मन फार मोठं.

तक्रार झालीच. जिल्ह्याहून एक अधिकारी चौकशीला आले. चपला उचलल्या तर हजर होतो हे कबूल केल्यासारखं, म्हणून आठांपैकी कुणीच त्या नेल्या नव्हत्या; तोवर आठही जोड पुरावा म्हणून मी कपाटात ठेवले होते, प्रत्येकाला चिठ्ठी बांधून. त्यांनी ते टेबलावर मांडले आणि आबांना विचारलं, "या तुमच्या का?"

आबांची कोंडी झाली. हो म्हणावं, तर चपला पायरीवर होत्या, म्हणजे ते हजर होते. नाही म्हणावं, तर त्यांच्या करकरणाऱ्या चपला गेल्या कुठं? अख्ख्या गावानं त्यांना महिनाभर साध्या स्लिपरमध्ये बघितलं होतं.

"माझ्या हरवल्या," आबा म्हणाले.

"कधी? कुठं?"

साहेबांनी कुतूहल म्हणून त्या चपला हातात घेऊन जरा वाकवल्या. करकर झाली. दाराबाहेरच्या गर्दीतून कुणीतरी लगेच म्हणालं, "आबा आले जनू!" साहेबांनी रुमाल तोंडाला लावला आणि बराच वेळ खोकत राहिले. मग त्यांनी लिहिलं, की सभागृहानं स्वतःचा निर्णय स्वतःला लावला आहे, ढवळाढवळ करण्याचं कारण दिसत नाही.

तात्यांना खरंच दिसलं नव्हतं का, हे मी त्यांना पुढं एकदा विचारलं. ते म्हणाले, "भाऊसाहेब, मोतीबिंदूला बी देवानं काई तरी काम दिलं असंलच की."

प्रशासकांनी शेड हलवलं. पुढचा उन्हाळा यायच्या आत मुतारी उभी राहिली. आणि बस्त्याला येणाऱ्या बायका आबांच्या दुकानात जास्त वेळ बसायला लागल्या, कारण सोय शेजारीच होती. पुन्हा निवडणूक लागली तेव्हा मी आबांचं भाषण कानांनी ऐकलं: "मुतारीचा ठराव सर्वानुमते झाला! मी सोता त्या सभेत व्हतो!" दुसऱ्या दिवशी कार्यालयात त्यांचा रीतसर अर्ज आला. सदर सभेस मी हजर होतो, सबब पायरीवर राहिलेल्या माझ्या चपला परत मिळाव्यात. मी पोच घेऊन दिल्या. बाकीचे सात जोड न्यायला कुणी आलं नाही. निवृत्त होताना चार्ज यादीत मी ते लिहिले, आणि माझ्या जागी आलेल्यानं मुकाट्यानं सही केली.

मुतारी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी मी पिशवी घेऊन बाजारात गेलो होतो. ऊन बरोबर डोक्यावर. सोजरबाई मेथीच्या जुड्या मांडून बसल्या होत्या, शेजारी पाण्याचा तांब्या. मला बघून म्हणाल्या, "भाऊसाहेब, थांबा जरा. हे बी तुमच्या बुकात लिवा."

त्यांनी तांब्या उचलला, तोंडाला लावला आणि खाली ठेवला तेव्हा तो रिकामा होता. पदरानं तोंड पुसलं. मग टमाट्याच्या पाटीमागं बसलेल्या शेजारणीपुढं तो धरून म्हणाल्या, "जा गं, भरून आन. आता तू पी."